‘साधी’ गोळी साधी नसते

‘एवढं काय त्यात, एक गोळी घे आणि मोकळा हो!’ हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा कॉलेजात जात नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री डोकं ठणकतंय? गोळी. पाळीचा पहिला दिवस आणि नेमकं त्याच दिवशी प्रॅक्टिकल? गोळी. जिममध्ये ‘लेग डे’ झाला आणि जिना उतरता येईना? गोळी. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसून पाठ आखडली? पुन्हा गोळीच. ही गोळी कुणाच्या तरी सॅकच्या पुढच्या कप्प्यात असतेच. ती देणारा मित्र डॉक्टर नसतो आणि घेणाराही नाव वाचत नाही. ‘साधी पेनकिलर आहे रे’ एवढं प्रमाणपत्र पुरतं.

या ‘साधी’ शब्दावर आज बोलायचं आहे. दुखणं अंगावर काढा, असा उपदेश आम्हाला करायचा नाही. दुखणं थांबायलाच हवं. पण ज्या गोळीला आपण साधी म्हणतो, तिचा संबंध थेट हृदयाशी आहे आणि हे जगाला कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली. ती गोष्ट आपल्या पिढीला माहीत नाही. माहीत असायला हवी, कारण ही गोळी आपण स्वतः घेतोच आणि घरातल्यांसाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणूनही देतो.

आधी एक घोळ निस्तरू. आपण सरसकट ‘पेनकिलर’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळी घराणी आहेत. एक पॅरासिटामॉलचं. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सूज फारशी कमी करत नाही. दुसरं घराणं सूज आणि दाह कमी करणाऱ्यांचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही त्यातली नावं. डॉक्टर मंडळी त्यांना ‘एनसेड’ म्हणतात. आपल्याकडे गंमत अशी की, ही दोन घराणी बऱ्याचदा एकाच गोळीत नांदतात. कॉम्बिफ्लाम म्हणजे ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन अधिक ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड असतं. त्यामुळे ‘मी तर फक्त डोकेदुखीची घेतली’ म्हणणाऱ्याने नेमकं काय घेतलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. आजचा विषय या दुसऱ्या घराण्याचा आहे.

आता दाह म्हणजे काय, ते पाहू. घोटा मुरगळला की तो लाल होतो, सुजतो, गरम लागतो, दुखतो. तिथे शरीराची दुरुस्ती-पथकं पोचलेली असतात. ती आपलं काम करून परत गेली तर उत्तमच. प्रश्न येतो तो ही पथकं तळ ठोकून बसतात तेव्हा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये नेमकं हेच घडतं. पूर्वी समज असा होता की, नळात क्षार साचावा तशी रक्तवाहिनीत चरबी साचते आणि एक दिवस नळ तुंबतो. पण रक्तवाहिनी हा निर्जीव पाइप नाही. तिच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरलं की, त्याला घुसखोर समजून पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्यांची धुमश्चक्री वर्षानुवर्षं चालते. चरबीच्या त्या साठ्यावरचं आवरण आतून पातळ होत जातं, एक दिवस फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो.

रक्तवाहिनीतल्या या दाहाची शंका जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरचो यांनी एकोणिसाव्या शतकातच घेतली होती. पण खरा पुरावा गेल्या तीसेक वर्षांतला. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, वरकरणी ठणठणीत असलेल्या पुरुषांच्या रक्तात सीआरपी हे दाहाचं निदर्शक प्रथिन जास्त असेल, तर त्यांना पुढे हार्ट अटॅक येण्याचा धोकाही जास्त असतो. २०१७ मध्ये त्याच रिडकर यांच्या नेतृत्वाखालच्या ‘कँटोस’ या चाचणीचे निकाल आले. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांवरचा हा प्रयोग. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाहाचा एक संदेश अडवणारं इंजेक्शन दिलं, तर दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्के कमी झाले. दाह हा हृदयरोगातला नुसता साक्षीदार नाही, आरोपी आहे, हे त्यातून दिसलं.

मग इथे कुणाच्याही डोक्यात येईल असा प्रश्न. दाह हृदयाला वाईट, पेनकिलर दाह कमी करते, म्हणजे पेनकिलर हृदयाला चांगली? गणित अगदी सरळ वाटतं. पण उत्तर नेमकं उलट येतं.

त्याचं कारण समजायला थोडी केमिस्ट्री लागेल, पण घाबरू नका. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की, ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात. या शोधमालिकेसाठी त्यांना आणि दोन स्वीडिश शास्त्रज्ञांना १९८२ चं नोबेल मिळालं. ही रसायनं बनवणारं विकर म्हणजे कॉक्स. पुढे कळलं की कॉक्स एक नाही, दोन भाऊ आहेत. थोरला कॉक्स-१ रोजची घरकामं बघतो. जठराचं अस्तर जपणं त्याच्याकडे आणि रक्तातल्या प्लेटलेटना चिकट करणारं थ्रॉम्बोक्सेन बनवणंही त्याच्याकडे. धाकटा कॉक्स-२ मुख्यतः दाहाच्या वेळी कामाला लागतो. पण रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो आणखी एक काम गुपचूप करत असतो. तो प्रोस्टासायक्लिन बनवतो, जे रक्तवाहिनी सैल ठेवतं आणि गुठळी होऊ देत नाही.

म्हणजे एका बाजूला गुठळी करणारा, दुसऱ्या बाजूला गुठळी रोखणारा, आणि दोघांची रस्सीखेच बरोबरीत. आता कॉक्स-२ ला गप्प करणारी गोळी घेतली की दुखणं थांबतं, पण रस्सीच्या एका बाजूचे गडीही कमी होतात. भरीला ही औषधं मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. त्याने रक्तदाब वाढतो आणि आधीच थकलेल्या हृदयावर जास्तीचं ओझं पडतं. कँटोसमधल्या औषधाने दाहाची एकच नेमकी तार कापली होती. पेनकिलर मात्र जी तार कापते, तिच्यावर घरातला दुसरा दिवाही लागलेला असतो.

हे सगळं कागदावरचं राहिलं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत मर्क कंपनीचं ‘व्हायॉक्स’ नावाचं औषध बाजारात आलं. मूळ नाव रोफेकॉक्सिब. जुन्या पेनकिलरने पोटात जखमा होतात, रक्तस्राव होतो. व्हायॉक्स फक्त कॉक्स-२ ला अडवायचं, म्हणून पोट वाचायचं. कल्पना हुशारीची होती. २००० मध्ये आठ हजारांहून जास्त संधिवाताच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हायॉक्सवाल्यांच्या पोटाला त्रास खरोखर कमी झाला. पण नेप्रॉक्सेन घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात हार्ट अटॅक सुमारे चौपट होते. आता या आकड्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक, व्हायॉक्स हृदयाला घातक आहे. दोन, व्हायॉक्स निरुपद्रवी आहे, उलट नेप्रॉक्सेनच हृदयाचं रक्षण करतं. दुसरा अर्थ सोयीचा होता. तोच पुढे केला गेला.

त्यानंतरही औषध चार वर्षं विकलं गेलं. फक्त २००३ या एका वर्षातली विक्री अडीच अब्ज डॉलरच्या घरात होती. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी चाललेल्या एका चाचणीत व्हायॉक्सची तुलना औषध नसलेल्या गोळीशी झाली आणि हृदयाचे व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर त्रास जवळपास दुप्पट दिसले. ‘दुसरं औषध रक्षण करत असेल’ ही सबब आता उरली नव्हती. ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्कने व्हायॉक्स जगभरातून मागे घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी औषध प्रशासनातलेच अधिकारी डेव्हिड ग्रॅहम यांनी सिनेट समितीसमोर साक्ष दिली. त्यांच्या अंदाजानुसार, या औषधामुळे एकट्या अमेरिकेत ८८ हजार ते १ लाख ३९ हजार लोकांना जास्तीचे हार्ट अटॅक आले किंवा अचानक हृदयमृत्यू आला. २००५ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. ज्या नामांकित नियतकालिकात तो पहिला अभ्यास छापला होता, त्यानेच जाहीर केलं की त्यात तीन हार्ट अटॅक नोंदवलेलेच नव्हते. २००७ मध्ये मर्कने दावे मिटवण्यासाठी ४.८५ अब्ज डॉलर देऊ केले. भारतातही रोफेकॉक्सिब विकलं जात होतं. आपल्या सरकारने डिसेंबर २००४ मध्ये त्यावर बंदी घातली.

‘मग झालं की, वाईट औषध गेलं!’ असं म्हणून पान उलटू नका. कारण व्हायॉक्समुळे बाकीच्या गोळ्यांकडेही बघणं भाग पडलं. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शेकडो चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की, जास्त मात्रेत घेतलेलं डायक्लोफेनॅक हे, आपल्याकडे कंबरदुखीवर सर्रास मिळणारं औषध, या बाबतीत व्हायॉक्सच्याच पंगतीला बसतं. मोठ्या हृदयघटनांचा धोका साधारण एक तृतीयांशाने वाढतो. हजार जणांनी वर्षभर घेतलं तर तिघांना जास्तीची मोठी हृदयघटना, आणि त्यातली एक प्राणघातक. हार्ट फेल्युअरचा धोका तर या घराण्यातल्या तपासलेल्या सगळ्याच औषधांनी जवळपास दुप्पट होतो. २०१७ च्या आणखी एका अभ्यासात जवळपास साडेचार लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे धोका पहिल्या आठवड्यातच वाढलेला दिसला, आणि जास्त मात्रेत जास्त.

आता हे आकडे नीट वाचायला शिकू, कारण व्हॉट्सॲपवर ते ‘पेनकिलरने हार्ट अटॅक!’ असे फिरतात. एक तृतीयांश वाढ कशाच्या? मुळात जो धोका आहे, त्याच्या. वीस वर्षांच्या निरोगी मुलीचा मूळ धोका इतका कमी असतो की, त्यात तिसऱ्या हिश्श्याची भर पडली तरी तो नगण्यच राहतो. पाळीच्या वेळी गर्भाशयातल्या प्रोस्टाग्लँडिनमुळेच कळा येतात. तिथे ही गोळी नेमकी मुळावर काम करते. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितल्याप्रमाणे एक-दोन दिवस घेणाऱ्या मुलीला हा लेख दाखवून कुणी घाबरवू नये.

पण हीच स्ट्रिप घरात फिरते तेव्हा? पंचावन्न वर्षांचे बाबा, रक्तदाबाची गोळी चालू, साखर थोडी वाढलेली, सकाळ-संध्याकाळ सिगरेट. किंवा गुडघ्यांनी बेजार झालेली आजी, जिची अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांचा मूळ धोकाच मोठा. तिथे तिसरा हिस्सा म्हणजे खरीखुरी भर. आणि त्यांची गोळी एक-दोन दिवसांची नसते. दुखणं रोजचं, म्हणून गोळीही रोजची. ‘जाता जाता तेवढी माझी गुडघ्याची गोळी आण रे’ असं आजी सांगते आणि आपण जुनी रिकामी स्ट्रिप दाखवून नवी आणतो. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची, तीही एका आठवड्याची. या साखळीतली शेवटची कडी आपण आहोत. म्हणून हा विषय तरुणांच्या पानावर.

ॲस्पिरिनचं काय, असं कुणी विचारेल. ती याच घराण्यातली, पण वेगळ्या स्वभावाची. कमी मात्रेत ती प्लेटलेटमधल्या कॉक्स-१ ला कायमचं बंद करते आणि गुठळी होणं टाळते. म्हणून हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना ती रोज देतात. मात्र आजोबा ॲस्पिरिन घेत असतील आणि त्याच्या आगेमागे आयबुप्रोफेन घेतली, तर ती ॲस्पिरिनची जागा अडवून बसू शकते. मग रक्षण करणारी गोळी पोटात असूनही कामाची राहत नाही. आणि पावसाळ्यातली एक गोष्ट पाठच करा. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन नको, आयबुप्रोफेन नको, डायक्लोफेनॅकही नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरवायला पॅरासिटामॉल आणि लगेच डॉक्टर.

मैदानावरची सवयही तपासायला हवी. धावण्याआधीच ‘सेफ्टी’ म्हणून गोळी घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. २०१० च्या बॉन मॅरेथॉनमध्ये जवळपास चार हजार धावपटूंना याबद्दल विचारलं गेलं. निम्म्यांनी शर्यतीआधी पेनकिलर घेतली होती. न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना झालेले त्रास पाचपट होते. काहींना मूत्रपिंडं बंद पडल्याने, काहींना पोटातल्या रक्तस्रावाने रुग्णालयात जावं लागलं. घाम गाळून शरीर सुकलेलं असताना मूत्रपिंडाला रक्त पुरवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करत असतात. नेमकं तेव्हाच आपण त्यांना सुट्टीवर पाठवतो.

हृदयासाठी दाह कमी करणारं औषध मग मिळालंच नाही का? कँटोसमधलं इंजेक्शन अतिशय महाग आणि त्याने जीवघेण्या जंतुसंसर्गाचं प्रमाण वाढलं, म्हणून ते हृदयासाठी मंजूर झालं नाही. पण गाऊट या सांधेदुखीवर शतकानुशतकं वापरात असलेलं कोल्चिसिन पुढे आलं. २०१९ आणि २०२० मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याच्या अगदी छोट्या मात्रेने हृदयघटना कमी झाल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला हृदयरुग्णांसाठी मान्यता दिली. २०२४ च्या आणखी मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. वाद अजून चालू आहे. हे कोल्चिसिन पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीतही असतं. पण ट्रेकला गेल्यावर तिचे फोटोच काढा. तिचा कंद जीवघेणा विषारी आहे. औषध आणि विष यांच्यात फरक मात्रेचा असतो, याचं इतकं सुंदर आणि इतकं धोक्याचं उदाहरण दुसरं नसेल.

तेव्हा करायचं काय? पहिली अपेक्षा व्यवस्थेकडून. डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही ‘शेड्यूल एच’मधली औषधं आहेत. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला शोधून दाखवा! २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल इशारा दिला, तेव्हा चार दिवस रील्स फिरल्या आणि पुन्हा सगळं जैसे थे. औषध प्रशासनाने दुकानांवर लक्ष ठेवावं, आणि स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं छापलं जावं. ही मागणी अवाजवी नाही.

दुसरी अपेक्षा आपल्याकडून. स्ट्रिप उलटी करून ब्रँडखालचं मूळ नाव वाचा. एकाच वेळी दोन वेगळ्या नावांच्या पेनकिलर पोटात जात नाहीत ना, ते बघा. पॅरासिटामॉलही बेहिशेब नको. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली तर यकृताला धोका, आणि दारू पिणाऱ्याला त्याआधीच. घरातल्या मोठ्यांच्या औषधांचा डबा या रविवारी उघडा आणि रोज चाललेली पेनकिलर दिसली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याला लावायचं जेल, व्यायाम, वजन कमी करणं, कमी दिवस कमी मात्रा, असे बरेच मार्ग असतात. पण विचारल्याशिवाय ते सुचवणार कोण? आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी तक्रार घरात कुणी केली, तर पेनकिलर देऊन झोपवू नका. १०८ ला फोन करा.

आणि दाहाचं म्हणाल, तर तो रोज वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या हातातच आहेत. सिगरेट, अपुरी झोप, पोटावरची चरबी, किडलेल्या हिरड्या, तासन्‌तास खुर्ची. यांवरची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. दुखणं म्हणजे शरीराने केलेली तक्रार असते. कधी ती गप्प करावी लागते, खुशाल करा. पण गप्प करण्याआधी ती एकदा ऐकून घ्या, आणि जिने गप्प करणार आहात त्या गोळीचं नाव तरी वाचा.